गावच्या पेटीतलं दुसरं मत

—नाही हो, थापा कसल्या? शिडी तेवढी घट्ट धरा! आईशप्पथ, शिडीवर उभा राहून मी कधी खोटं बोललेलो नाही — म्हणजे, एकदा बोललो होतो, पण तेव्हा तिसऱ्याच पायरीवर होतो. हा खांबावरचा फोटो? माझाच की. कोलमन टूही, काउंटी कौन्सिलचा, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेचा, पडलेला उमेदवार. फोटो वीस वर्षांपूर्वीचा आहे, ते सोडा. सात दिवसांत फलक उतरवले नाहीत तर दंड बसतो — जिंकलेल्यांचे उतरवायला माणसं धावतात, पडलेल्याला तुमच्यासारखा वाटसरू भेटला तर भेटला.

प्रचारात दारोदार काय ऐकलं, माहितीये? "कोलमन, पहिला आकडा मेहुण्याला द्यावाच लागतो रे, पण दुसरा तुझाच!" आमच्याकडे नावांपुढे आवडीप्रमाणे एक, दोन, तीन लिहायचं असतं ना — अख्ख्या गावाचा दुसरा मीच! पण दुसरा आकडा बघतात कधी? ज्याला पहिला दिलाय तो बाद झाला की. आणि सगळ्यांच्या आधी बाद कोण झालं? मी! साऱ्या गावांतून मिळून पहिल्या पसंतीची एकतीस मतं. गावानं प्रेमानं लिहिलेले माझे दुसरे आकडे तसेच पडून राहिले — कुणी बघितलेसुद्धा नाहीत. उलट माझेच एकतीस कागद त्यांवरच्या दुसऱ्या आकड्यांप्रमाणे बाकीच्यांना वाटले, आणि त्यातूनच मॅनियनबाई नऊ मतांनी निवडून आल्या. केक देऊन गेल्या घरी. तक्रार? छे! मोजणी चोख झाली. मीच टाळ्या वाजवल्या.

पण ऐका तर — मोजणीच्या हॉलात कठड्यावर ओणवी होऊन पक्षांची माणसं टिपत असतात, कुठल्या गावच्या पेटीतून कुणाला किती. त्यातला एक म्हणाला, "टूही, तुझ्या गावातून पहिल्या पसंतीची दोन!" एक माझं. मग दुसरं कुणाचं? निघालो शोधायला. हेशनबाई म्हणाल्या, "अरे, मीच की ती! बैस, चहा टाकते." पलीकडचा पॅडर — कुंपणावरून अकरा वर्षं अबोला — दार उघडून म्हणतो कसा, "कुणाला बोलू नकोस हां गाढवा, ते मत माझं." फादरसुद्धा तेच! नऊ घरं झाली, राव, एका मताला नऊ धनी! रोज दोन-दोन घरं. बायको गेल्यापासून — वारली नाही हो, गॉलवेला गेली, बहिणीकडे — तेव्हापासून मला इतका चहा कुणी पाजला नव्हता.

काय? नऊपैकी आठ खोटं बोलतायत? हं... हा फलक धरा जरा. आठ नाहीत. नऊच्या नऊ. तो माणूस "दोन" म्हणालाच नव्हता — "एक" म्हणाला होता. दुसरं मी हेशनबाईंच्या दारात रचलं — दार तर वाजवून बसलो होतो, मग काहीतरी बोलायला नको?

ठेवा तो फलक तिथंच. निघा तुम्ही. मॅकहेलकडे चहाची वेळ झाली — दहावं घर.