दोन पानांचा अहवाल

हॅलो? … अगं ताई, तू होय! मला वाटलं, परत त्या मान्यतेच्या कमिटीचाच फोन.

हो, हो, गेल्या कमिटीच्या अध्यक्षबाई. आत्ताच गाडीत बसवून आले… नाही, जेवले नाही. सकाळपासून एक बिस्कीट… हो गं, आहारशास्त्राची विभागप्रमुख आणि स्वतः उपाशी! दिव्याखाली अंधार. हस तू.

मान्यता ना? सांगते, आधी ऐक ना… अगं, कोर्सच्या मान्यतेचं नूतनीकरण झालं नसतं, तर शेवटच्या वर्षाच्या बत्तीस मुलींना परवान्याच्या परीक्षेला बसताच आलं नसतं! चार वर्षं मातीमोल. महिनाभर माझा डोळ्याला डोळा लागला नाहीये.

तर एकोणीस फायली. टेबलावर ओळीने, रंगीत चिठ्ठ्या लावून… अध्यक्षबाईंनी एकही उघडली नाही! म्हणाल्या, "कागद वाचलेत मी. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने शिकवलेला एक पेशंट दाखवा."… छे! पहिल्या नंबरवालीला मी इस्त्रीचा कोट घालून उभं केलं होतं. बाईंनी यादी घेतली, डोळे मिटले, बोट ठेवलं. कोणावर? … गोगलगाय!

हो, तीच. वर्गात तोंड न उघडणारी… हो, हो, जिचा पेशंटवरचा अहवाल मी परत केला. बारा पानी मागितला होता, हिने दोन पानं दिली. शंभरात पस्तीस दिले मी.

डायलिसिस विभागात गेलो. तिचे पेशंट, म्हातारे ड्रायव्हरकाका, नंबरची वाट बघत खिडकीशी बसलेले. त्यांना दिवसाला एकच लिटर पाण्याची परवानगी… नाही, नुसतं पाणी नाही, सगळं धरून! चहा, सूप, बर्फाचा खडासुद्धा. आणि काकांना अक्षरओळख नाही. अध्यक्षबाई मुद्दाम म्हणाल्या, "काका, चहा घेणार?"

… घेतला ना! पण ओठाला लावायच्या आधी पिशवीतली बाटली काढली. दुसऱ्या तसल्याच कपात चहाएवढं पाणी ओतलं आणि ते खिडकीतल्या कुंडीत रिकामं केलं. म्हणाले, "सकाळी ही लिटरची बाटली भरायची. काहीही प्यायलं की तेवढं पाणी झाडाला. बाटली संपली की माझं पिणं संपलं. पोरीने शिकवलंय."

… हो ना! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं मी.

पूर्वी दर आठवड्याला अंगात पाणी साठून, धाप लागून यायचे म्हणे. आता पाच आठवडे झाले, एकदाही नाही. सिस्टरच सांगत होत्या.

अगं, पुढे ऐक! बाईंनी हिला विचारलं, "हे काकांना जमेल, असं तुला कशावरून वाटलं?" तर म्हणते, "आधी मी करून पाहिलं. सात दिवस तेवढ्यावरच राहिले. तिसऱ्या दुपारी रडू आलं. म्हणून काकांना सांगून ठेवलं, तिसरी दुपार कठीण जाते, तेव्हा मला फोन करा."

… केला ना त्यांनी! तासभर बोलत बसली त्यांच्याशी. कोण, तर गोगलगाय! हजेरीलासुद्धा जिचा आवाज ऐकू येत नाही.

एकवीस वर्षं शिकवतेय मी, ताई. तहानेवर दोन तास व्याख्यान देईन. पण एक दिवस तहानलेली राहिले नाही गं कधी.

… हो, मिळतेय मान्यता! सात वर्षांसाठी शिफारस करतायत… अगं, तू का रडतेस, वेडे? … हो, सांग भावोजींनाही.

पण ऐक. जाता जाता बाईंनी विचारलं, "हिला मार्क किती?"… काय सांगणार? खरं तेच, पस्तीस. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या दोन पानांत काय होतं?"

… नाही ना सांगता आलं. मी वाचलीच नव्हती. नुसती पानं मोजली होती, ताई.

थांब हं, दारात कोणीतरी… ये, आत ये… ताई, तीच आलीय… काय गं हे? … बारा पानं? … नाही, उशीर नाही झाला. राहू दे तो गठ्ठा. आधीची ती दोन पानं आहेत का तुझ्याकडे? … दे. आणि उभी नको राहूस, बस… अगं, खुर्चीवर बस.

ताई, ठेवते मी. वाचायचंय.