सर्व्हरवरची हिरवी पुडी

(तैपेईतलं एक ऑफिस. जेवणानंतरच्या झोपेची वेळ. दिवे बंद, सगळे आपापल्या टेबलावर डोकं टेकून. एकाच कॉम्प्युटरपुढे दोघं, कुजबुजत.)

वान-रू : परत लाल.

लुओ : परत चालव.

वान-रू : लुओ दादा, चार वेळा चालवली ही चाचणी. दोनदा हिरवी, दोनदा लाल.

लुओ : हळू बोल, लोक झोपलेत. आणि पाय हलवू नकोस, टेबल हलतंय. पाचव्यांदा हिरवी येईल. आली की दोन वाजता औषधं वाटायचा नवा कोड हॉस्पिटलला पाठवायचा. आपल्या बॉसना, त्सेंग मॅडमना, शब्द दिलाय मी.

वान-रू : चाचणी कशाची आहे, आठवतंय ना?

लुओ : मला विचारतेस? मीच लिहिली, तीन वर्षांपूर्वी. औषधांच्या दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आल्या, तर ज्याच्या गोळ्या त्याच्याच पाकिटात पडतात का, ते बघायला.

वान-रू : आणि लाल म्हणजे पडत नाहीत.

लुओ : लाल म्हणजे मशीन रुसलंय. सर्व्हरवरची खाऊची पुडी बघितलीस? हिरवीच आहे ना? मागे कोणा शहाण्यानं पिवळी ठेवली होती, दिवसभर सगळं ठप्प.

वान-रू : हिरवीच आहे. मुदतही संपलेली नाही. पुडी ठेवली की मशीन गुणी बाळासारखं वागतं, हे इथं सगळेच मानतात, मीही मानते. घरच्या वायफायवर छोटी ठेवलीय मी.

लुओ : मग झालं तर.

वान-रू : तुम्ही तिच्यावर पेनानं लिहिलंय, 'बाळा, लाल होऊ नकोस.' ते वाचलं आणि जुन्या नोंदी काढल्या. तीन वर्षांत एकोणचाळीस वेळा लाल. दर वेळी हिरवी येईपर्यंत परत चालवलीय. नाव तुमचंच.

लुओ : सकाळपासून हाच उद्योग चाललाय तर. अगं, जुन्या दवाखान्यांत एकच खिडकी होती. दोन चिठ्ठ्या एका क्षणी येणार कुठून? कोणाचं काही बिघडलं नाही.

वान-रू : या हॉस्पिटलात किती खिडक्या आहेत?

लुओ : तू पडद्याकडे बघ.

वान-रू : नऊ.

लुओ : मोजता येतं मला.

वान-रू : सोमवारी तिथं हा कोड सुरू होईल, आठच्या आधीच म्हातारी माणसं रांग लावतील. एखाद्या आजीच्या पाकिटात दुसऱ्याच कोणाच्या डायबेटिसच्या गोळ्या पडतील. ती काही पाकीट तपासणार नाही, घरी जाऊन घेऊन टाकेल.

लुओ : मग थांबव ना. भिंतीवर नियम लावलाय, कोणीही काम थांबवू शकतं.

वान-रू : आजवर कोणी थांबवलंय?

लुओ : नाही.

वान-रू : मला येऊन चार महिने झालेत. मी थांबवलं तर म्हणतील, कालची पोरगी लुओ दादांच्या चुका काढते. भीती वाटते मला. डबासुद्धा तसाच पडलाय.

लुओ : आणि मी थांबवलं तर म्हणतील, तीन वर्षं काय झक मारत होतास?

वान-रू : म्हणतील.

लुओ : थोडं तरी खोटं बोलावं गं माणसानं.

वान-रू : सव्वा वाजत आला, दादा.

लुओ : परत चालव.

वान-रू : दादा…

लुओ : हिरवी येईपर्यंत नाही. लाल येईपर्यंत. आली की हात लावू नकोस, तशीच पडद्यावर राहू दे.

वान-रू : हिरवी.

लुओ : परत.

वान-रू : … लाल.

लुओ : बस्स. आता त्सेंग मॅडमना उठव. नको, थांब, त्यांना मीच उठवतो. तू दिवे लाव.

वान-रू : आणि पुडी? काढू?

लुओ : राहू दे. तिचा काय दोष.

वान-रू : झोपेची पंधरा मिनिटं बाकी आहेत अजून.

लुओ : माझी झाली.