ज्याची गाठ, त्याचाच हात

टाळ जरा थांबवा. पखवाजवाले बुवा, तुम्हीही दम खा. आख्यानाला हात घालण्याआधी एक सवाल टाकतो, आणि मग बघतो किती जण मान खाली घालतात!

सवाल असा. एक माणूस खुर्चीवर पाणी सोडून बरोबर वागला. आणि मागाहून काय निघालं? तर तसं वागायची काही गरजच नव्हती! मग तो माणूस शहाणा का मूर्ख?

राहू द्या, उत्तर देऊ नका. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. आपण शेवट बघून न्याय करणारी माणसं! म्हैस व्याली की लक्ष्मी, गाभडली की पनवती. म्हैस तीच, गोठा तोच — पण आपलं तोंड बदललं!

तर मंडळी, ऐका.

तांबडवाडी नावाचं गाव. गावाबाहेर वीज मंडळाचं उपकेंद्र — तारांचं जाळं, गुंगुं आवाज, आणि कुंपणावर कवटीचं चित्र. तिथं साहेब म्हणून आली एक पोरगी. सारिका ढोबळे. गाव म्हणालं, "बाई? आणि विजेवर? आता रोज अंधारच!" बघा, अजून बाई फाटकातून आत आली नाही, तोवर अंधार हिच्या नावावर!

आता ही सारिका कोण? वायरमनची लेक. बाप तात्या ढोबळे. कधीकाळी खांबावर चढलेला, तारेला हात घातलेला, आणि खाली कोणीतरी म्हणालं, "तात्याचं झालं असेल. सोडा लाईट."

असेल!

तात्याचं झालं नव्हतं, मंडळी. तात्या जगला. पण दोन्ही हात कोपरापासून गेले. सारिका लहान होती तेव्हापासून रोज शाळेला जाण्याआधी बापाच्या गळ्याला रुमाल बांधायची. गाठ मारून झाली की बाप विचारायचा, "घट्ट बसली का गं?" ज्याला स्वतःच्या रुमालाची गाठ मारता येत नाही, त्याच्या घरात वाढलेली पोरगी ही! तिला तुम्ही कामाचं पुस्तक काय शिकवणार?

उपकेंद्रात एक लोखंडी दांडा असतो. वर केला की ओळीत, म्हणजे गावाकडं जाणाऱ्या तारांत, वीज; खाली ओढला की बंद. वायरमन कामाला निघाला की दांडा खाली. बाईनं आल्या आल्या चारी वायरमन उभे केले आणि सांगितलं, "ओळीवर जाणाऱ्यानं आपला रुमाल आपल्या हातानं या दांड्याला बांधायचा. काम झालं की परत यायचं आणि आपल्याच हातानं सोडायचा. दुसऱ्या कुणी त्या गाठीला बोट लावायचं नाही. मीसुद्धा नाही."

गेनू नाना म्हणून जुना वायरमन. मिशीला पीळ देत म्हणाला, "आन म्याडम, माणूस सांगावा धाडंल की, झालंय म्हणून."

"सांगावा नको नाना, माणूस पाहिजे. आणि एक, 'झालं असेल' हे या कुंपणाच्या आत कुणी बोलायचं नाही. झालं, नाहीतर नाही झालं."

म्हणा माझ्यामागं —

ज्याची गाठ, त्याचाच हात।
दुजा घाली, तो करी घात॥

आणखी मोठ्यानं! जेवणावळीत 'वाढा वाढा' ओरडताना आवाज कसा निघतो?

बरं. त्या चौघांत एक दस्तगीर मुलाणी. सोन्यासारखा माणूस, पण विसरभोळा! सासुरवाडीला बायकोला सोडायला गेला आणि तिला स्टँडवर विसरून एकटाच पोचला, अशी त्याची ख्याती. सासरा म्हणाला, "जावईबापू, पोरगी कुठाय?" हा म्हणाला, "आयला!"

हसा. हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

गावात पाणी योजनेचं उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार, बटण दाबणार, टाकीत पाणी पडणार. मांडव, कमानी, फेटे. पाण्याचा थेंब नाही, पण गुलाब-पाणी शिंपडायला चार पोरी! आणि त्याच सकाळी ओढ्यापल्याड तार तुटली. दस्तगीर आला, दांडा खाली ओढला, आपला निळा रुमाल बांधला आणि निघाला.

मुहूर्त जवळ आला. दस्तगीरचा पत्ता नाही. बाईनं फोन लावला. वाजला कुठं? तिथंच टेबलावर! चार्जिंगला लावून विसरलेला.

गेनू नाना गाडी घेऊन बघून आला. "म्याडम, ओढ्याअलीकडं कुठल्या खांबावर न्हाई त्यो. पल्याडचं दिसत न्हाई, झाडी हाय. गाडी जात न्हाई तिकडं."

"चालत जा नाना."

नाना चालत निघाला. आणि इकडं फोन सुरू झाले. पहिला सरपंचाचा. बाजीराव आण्णा. "म्याडम, पाव्हणं बटणावर बोट ठिवून बसल्यात! सोडा की!"

"माणूस ओळीवर आहे, आण्णा."

"कोण, दस्तगीर? आवं, उतरला आसंल! इसरला आसंल रुमाल! सबंध गावाला ठावं हाय त्याचं डोस्कं!"

मग तालुक्याच्या मोठ्या साहेबांचा. "ढोबळे, सप्लाय सोडा. माझी ऑर्डर आहे."

"लेखी पाठवा साहेब — ओळीवर माणूस असताना सोडा, म्हणून."

आता लेखी कुठलं येतंय! तोंडानं माणूस मारायला कुणी भीत नाही, मंडळी. सही करा म्हटलं की पेन सापडत नाही!

"ढोबळे, तुमची ही पहिलीच नेमणूक आहे. संध्याकाळपर्यंत तुम्ही इथं नसाल."

तेवढ्यात आण्णाच माणसं घेऊन कुंपणाशी आले. बाई उठली, खुर्ची उचलली, दांड्यापुढं ठेवली आणि दांड्याला पाठ टेकून बसली. निळा रुमाल तिच्या मानेशी.

बाहेरून एकजण ओरडला, "रुमालापायी गाव तान्हेलं ठिवणार व्हय गं?"

आता खरं सांगतो, तिच्या मनात काय चाललं होतं. ती काही दगडाची नव्हती. तिला दस्तगीर ठाऊक होता. तिलाही वाटलंच — विसरला असेल. आणि तो शब्द मनात उमटला तशी ती चरकली. असेल! तोच शब्द! जो बापाचे हात घेऊन गेला तो आज लेकीच्या जिभेवर येऊन बसला होता. एवढी शिकली, एवढी चढली, आणि एक साहेब ओरडला तर ती त्याच माणसासारखी बोलायला लागणार? मग त्या माणसात आणि हिच्यात फरक तो काय? पगाराचा?

ती हलली नाही. मुहूर्त टळला, तरी नाना ओढ्यापल्याडून परतला नव्हता. पाहुण्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि गाडीत बसून गेले. टाकी कोरडी. बाईच्या नावानं गाव पेटलेलं.

आणि तेवढ्यात फाटकातून कोण आलं, सांगा?

दस्तगीर! कपाळाला गुलाल, हातात शिऱ्याचा द्रोण! काम केव्हाच उरकून, रुमाल विसरून, गडी थेट मांडवात जाऊन बसला होता! पार मागं, कमानीआड! टाळ्या वाजवत! वर बाईलाच विचारतो, "म्याडम, लाईट का न्हाई सोडली वो? पाव्हणं लई तापलं!"

काय हसले लोक! आण्णा कुंपण धरून हसले. "घ्या म्याडम! मेलेला शिरा खाऊन आला!"

दस्तगीरनं दांड्याकडं बघितलं. आपला रुमाल बघितला. द्रोण हातातून गळला.

बाई उठली, बाजूला झाली. म्हणाली, "सोड गाठ."

त्यानं सोडली. बाईनं दांडा वर केला. मग एवढंच म्हणाली, "दस्तगीर, विसरलास. पण जिवंतपणी विसरलास. बरं झालं."

संध्याकाळपर्यंत हुकूम आला. सारिका ढोबळे — जिल्ह्याच्या भांडारात, खांबांची आणि तारांच्या रिळांची राखण करायला.

आता द्या माझ्या सवालाचं उत्तर! दस्तगीर ओळीवर नव्हता. लाईट सोडली असती तर कुणाचा केस वाकडा झाला नसता. बाईची खुर्ची शाबूत, पाहुणे खूश, टाकीत पाणी. मग बाई चुकली? बोला ना! का गप्प?

चुकली म्हणता? अरे, त्या वेळी ओढ्यापल्याड कोण बघून आलं होतं? तुम्ही? आण्णा? तो फोनवरचा साहेब? जे कुणालाच ठाऊक नव्हतं, ते दुसऱ्याच्या जिवावर 'असेल' म्हणून रेटायचं — याला तुम्ही व्यवहार म्हणता! आणि ती नाही म्हणाली, तर तिला हट्टी म्हणता! माणूस खांबावर निघाला असता तर देवी म्हणून मिरवली असती. नाही निघाला म्हणून येडी! बाई तर दोन्हीकडं तीच होती. लाज कुणाला वाटायला पाहिजे?

ऐका, आख्यान सरलं नाही.

बाईच्या जागी राऊत साहेब आले. गोड माणूस. सगळ्यांना 'हो' म्हणणारा. आल्या आल्या दांड्याकडं बघून म्हणाले, "हे काय धुणं वाळत घातलंय? काढा!" निघाले रुमाल. गाव म्हणालं, "साहेब असावा तर असा!"

पण मंडळी, गंमत बघा. दांड्याच्या मागच्या अंगाला, भिंतीकडून, साहेबाला दिसणार नाही अशी एक कडी होती. चारी वायरमन तिथं रुमाल बांधायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. बाई गेली होती, पण तिची पाठ दांड्याला टेकलेली त्यांनी बघितली होती. हुकूम बदलीबरोबर जातो, बघितलेलं जात नाही!

आणि एक दिवस, भर दुपारी, क्रिकेटची मॅच ऐन रंगात आली आणि लाईट गेली. गेनू नाना ओळीवर गेला. गाव उपकेंद्राच्या दारात. पाण्यासाठी नव्हे हं! मॅचसाठी! आण्णा पुढं. "राऊतसाहेब, शेवटच्या ओव्हरी चालल्यात! सोडा!"

राऊत म्हणाले, "नाना उतरला असेल आता. दस्तगीर, घे दांडा वर."

दस्तगीर जागचा हलला नाही. "नानाची गाठ हाय साहेब."

"कसली गाठ?"

दस्तगीरनं मागचा तांबडा रुमाल दाखवला. राऊत हसले. "तू मला शिकवतोस? त्या दिवशी तूच विसरला होतास ना?"

"म्हणून तर सांगतोय साहेब! मी इसरलो व्हतो, शिरा खात बसलो व्हतो, तरी म्याडमनं माझ्या गाठीला बोट लावलं न्हाई. माझ्यासारख्या येड्याच्या! नाना तर कधी इसरत न्हाई. त्याची गाठ मी सोडू?"

"बाजूला हो."

दस्तगीर बाजूला झाला नाही. त्यानं खुर्ची आणली, दांड्यापुढं ठेवली आणि पाठ टेकून बसला. बाकीचे दोन वायरमन त्याच्या दोन्ही अंगांना उभे राहिले. बाहेर शिव्यांचा पाऊस. आयाबहिणी निघाल्या. तीन माणसं, मान खाली, जागची हलली नाहीत.

मॅच संपली म्हणे. हरले म्हणे. त्यानंतर फाटक वाजलं. गेनू नाना. तळहात तारेनं सोललेले, खाकी विजार फाटलेली. म्हणाला, "जंपर, ती जोडतार, अडकला व्हता रं, आत्ता निघाला. दोन्ही हात तारंतच व्हते माझं. का रं, एवढी माणसं का गोळा झाल्यात? कोण मेलं का?"

आण्णा आपल्या चपलांकडं बघत होते.

नानानं पुढं होऊन आपली गाठ सोडली. स्वतःच्या हातांनी. दोन्ही हातांनी!

म्हणा —

ज्याची गाठ, त्याचाच हात।
दुजा घाली, तो करी घात॥

आता पुढं काय झालं असं वाटतं? बाईला परत बोलावलं? सत्कार केला? हॅट्! पेपरात फोटो आला — राऊत साहेबांचा! 'अधिकाऱ्याच्या दक्षतेने कर्मचाऱ्याचे प्राण वाचले!' शाल आण्णांच्या हातून! फोटोत राऊत हसतायत. दस्तगीर? फोटोच्या बाहेर, खुर्च्या मांडत!

पण सुट्टीच्या दिवशी दस्तगीर एस.टी.नं जिल्ह्याला गेला. भांडारात बाई रिळांवर ताडपत्री ओढत होती. त्यानं झालेलं सगळं सांगितलं — मॅच, राऊत, खुर्ची, शाल, फोटो. बाई ऐकत होती. शालीचं विचारलं नाही. फोटोचं विचारलं नाही. एकच विचारलं, "गाठ कुणी सोडली?"

"नानानीच, म्याडम."

"मग झालं," ती म्हणाली, आणि ताडपत्रीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. "धर. घट्ट ओढ."

हे ते आख्यान. आता तुमच्याकडं वळतो. उठू नका! काकड्या-पेरूची पिशवी बाजूला ठेवा!

काल याच मांडवात, हरिपाठ चालू असताना लाईट गेली. किती वेळ गेली? आरती म्हणण्याइतकासुद्धा वेळ नाही! आणि देवाच्या दारात, हातात टाळ घेऊन, तुम्ही वायरमनच्या आईचा उद्धार केला! मी इथं उभा होतो, मी ऐकला! एकानं तरी विचारलं का, की तो वर आहे का खाली? 'गेला असेल दारू प्यायला' — हे कोण म्हणालं? नाव घेऊ? पहिल्याच रांगेत बसलाय!

आणि तुम्ही — शाळेतले, पंचायतीतले, दवाखान्यातले, सोसायटीतले! तुमच्या हाताखालीही कुणाची ना कुणाची गाठ आहे. वरून फोन येतो, 'सोडा!' आणि तुम्ही काय म्हणता? 'साहेब म्हणतात म्हणजे असेल!' वर खिशाला विठ्ठलाचा बिल्ला! काढा तो बिल्ला, नाहीतर खुर्ची दांड्यापुढं ओढून बसायला शिका. देवाला तुमचा गळा नको आहे. तुमची पाठ पाहिजे!

तो बघा, मांडवाच्या टोकाला, खांबाशी उभा आहे, हातात पकड — तुमच्या गावचा वायरमन. काल शिव्या खाऊन आज पुन्हा आलाय, तुमचे दिवे नीट राहावेत म्हणून. अहो, या इकडं. पुढं या. कट्ट्यावरच्या मंडळींनो, सरका. त्याला जागा करा.

तो बसेपर्यंत मी नाम घेणार नाही. आणि ज्याच्या तोंडात कालची शिवी शिल्लक असेल, त्यानं ती आधी गिळावी. मगच म्हणावं — विठ्ठल!