व्याह्याची जीप

लिहा, मी इथलाच, पारशिवनीकडचा. तुम्ही आता तो रपटा, नाल्यावरचा बुटका पूल, ओलांडून आले ना, त्या नाल्याच्या अलीकडे पाच पिढ्या झाल्या आमच्या. बाप दुसऱ्याच्या वावरात बैलं हाकलत होता, मी दुसऱ्याच्या गाड्या हाकलल्या, एवढाच फरक समजा. सातवीत शाळा सुटली, आधी ट्रकवर लागलो, मंग सरकारी जीपवर ड्रायव्हर झालो आन् तीस वर्षं जंगलात साहेब लोकांले फिरवलं. कोणत्या चिखलात कोणता गिअर टाकाचा हे माह्या हातालेच कळे, डोक्याले विचारा लागत नव्हतं. पण स्वतःची गाडी म्हणाल तं सायकल. आता नातू विचारते, आबा, तुम्ही एवढ्या जीपा चालवल्या, त्यातली एक बी घरी काहून नाही आणली?

रिटायर झालो आन् दोन वर्षांत तुमच्या काकूच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नागपूरले न्या लागते, चार तास मशीनवर. एक खेप चुकली का अंगात पाणी भरते, पाय सुजते, दम लागते, आडवं बी होता येत नाही. उन्हाळ्यात काही नाही, कोणाचा ऑटो पाहाचा, एसटी पाहाची, पोचून जातो. पण पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहून राहिलं का गाव कटते, कधी एक दिवस, कधी तीन. पहिल्याच पावसाळ्यात अडकलो. दोन दिवस ती भिंतीले टेकून बसलेली, मी समोर बसलेलो, आन् ती मलेच म्हणे, तुम्ही जेवून घ्या. तवा ठरवलं, गाडी पायजे, आन् चारही चाकं ओढणारी पायजे.

आता तुम्ही म्हणाल, वाहत्या पाण्यातून गाडी घालता का काका? नाही. चारच काय, दहा चाकं ओढली तरी वाहत्या पाण्यात गाडी घालाची नाही, हे मी कित्येक साहेबांले तोंडावर सांगतलं आहे. पण नाल्याले वळसा घालून एक पांधण आहे, वावरावावरातून जाणारा बैलगाडीचा रस्ता, तो वर मोठ्या पुलाजवळ निघते. तिथं पाणी येत नाही. पण काळी माती. पाऊस पडला का साधी गाडी तिथं पोटावर बसते, मागची चाकं जागेवर फिरत राहते. पुढच्या चाकांनी बी ओढलं तरच निघते.

मंग नागपूरले फिरलो. दर खेपेले काकू मशीनवर असे आन् मी चार तास गाड्या पाहो. एका शोरूममध्ये गेलो, अशी उंच गाडी, असे रुंद टायर, पोरगी म्हणे, काका, एसयूव्ही आहे. मी म्हटलं, बाई, पुढची चाकं ओढते का मागची? तिनं साहेबाले बोलावलं. साहेब म्हणे, काका, सनरूफ आहे. मी म्हटलं, आम्हाले वर पाहाचं नाही गा, खाली पाहाचं आहे. खरी चारही चाकं ओढणारी नवी गाडी होती तिथं, पण तिची किंमत ऐकून मी पाणी पिऊन बाहेर आलो. मंग एक जुनी छोटी पेट्रोलची पाहिली, हलकी, चिखलात बकरीसारखी चालते, मी चालवली आहे. पण मागं माणूस आडवा होत नाही. मले अशी पायजे होती का काकू आडवी होईन, तिले चढता येईन, आन् बिघडली तं गावातला मिस्त्री हातोडी-पान्यानं उघडून दुरुस्त करीन.

आमची वर्षा नागपूरले दिली आहे. तिचे सासरे, म्हणजे माहे व्याही, गांधीबागेत त्याइचं कापडाचं दुकान आहे, आन् भिवापूरकडे मिरचीचं वावर. वावरात जाण्यासाठी त्याइनं जुनी जीप ठेवली होती. त्याइले कळलं आन् ते म्हणाले, पाहुणे, बाहेर काहून फिरून राहिले? घरची गाडी आहे, घेऊन जा. भाव असा सांगतला का मले नाही म्हणताच आलं नाही. आन् वर्षा चहा घेऊन उभी, तोंडावर असा आनंद का माह्या सासरचे माह्या मायच्या कामी आले.

आता ऐका. जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, घेताना पहिलं काम म्हणजे गाडीखाली झोपाचं. काहून का लोक डिझेल वाचवाले पुढच्या चाकांले ताकद पोचवणारा शाफ्ट काढून टाकते. आत पुढची चाकं जोडाचा दांडा तसाच राहते, टाकला तं पडते, पण पुढं काही जोडलेलंच नसते. हे मी दुसऱ्याले शंभरदा सांगतलं असन. पण मी तिथं धुतलेलं धोतर नेसून, टिळा लावून, व्याह्याच्या अंगणात उभा. पोरीच्या सासऱ्याच्या गाडीखाली झोपून पाहू कसा? म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही, असंच झालं ना. मी नाही झोपलो.

रस्त्यावर नेली, सिमेंटचा कोरडा रस्ता, दांडा टाकला आन् वळवली. खरी चारही चाकं जोडलेली असली का कोरड्या सिमेंटवर गाडी वळाले कुरकुरते, स्टिअरिंग जड होते. ही लोण्यासारखी वळली. व्याही बाजूले बसून म्हणे, पाहा, कशी वळते! माह्या हातानं मले तवाच सांगतलं होतं, मधुकर, पुढं काही नाही. मी हाताचं ऐकलं नाही. हो म्हटलं, मस्त आहे. नारळ फोडला आन् घेऊन आलो.

श्रावणात सकाळी पाणी चढलं. काकूचा मशीनचा दिवस. मागं गादी टाकली, तिले झोपवली, दोर, फावडं, दोन फळ्या घेतल्या आन् पांधणीत घातली. अर्ध्यावर मागची चाकं बसली. दांडा टाकला. पुढची चाकं अशी गप उभी, जशी आपल्याशी बोलणंच नाही. उतरलो, चिखलात झोपलो, खाली पाहिलं. शाफ्ट नव्हता. खाली पडल्या पडल्याच मी हसलो, खरं सांगतो, रडाचं का हसाचं तेच कळेना. वरून ती विचारते, काय झालं हो? मी म्हटलं, काही नाही वं, चिखल आहे.

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत दोन तास गेले. नागपूरले पोचलो तवा तिले बोलता बी येत नव्हतं. मशीनवर न नेता आधी ऑक्सिजन लावला, तीन दिवस भरती ठेवली. वर्षा धावत आली, मागून व्याही, हातात संत्र्यांची थैली. किडन्यांपायी काकूले संत्रा चालत नाही, पण त्याइले काय माहीत. मी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला उभा. व्याही म्हणे, पाहुणे, गाडीनं काम दिलं ना? वर्षा माह्याकडे पाहून राहिली होती. मी म्हटलं, गाडी होती म्हणून पोचलो.

त्याइले शाफ्टचं माहीत होतं का नव्हतं, मी आजवर विचारलं नाही. कापडाचा माणूस, एखाद्या ड्रायव्हरनं काढला असन आन् सांगतलं नसन. असंच धरून चालतो, पोरीले त्या घरात राहाचं आहे. भंगारबाजारातून शाफ्ट शोधला, मिस्त्रीसोबत मीच बसवला.

पण काकूले मी शाफ्टचं सांगतलं. घरी आणल्यावर, चार दिवसांनी, राहवलं नाही. ती म्हणे, तुम्हाले माहीत होतं ना, गाडी घेतली त्या दिवशीच? मी हो म्हटलं. तं म्हणे, मंग माह्या जिवापेक्षा त्याइचं मन मोठं झालं का? मी उठून बाहेर गेलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तं बरं झालं असतं, भांडून मोकळे झालो असतो.

आता हा तिसरा पावसाळा. गाडी निघते पांधणीतून, हळू, पण निघते. मीच थकून राहिलो. कमर धरते, डोळ्यानं कमी दिसते, आन् माह्यानंतर तिले कोण नेईन हे दोघं बी बोलत नाही. परवा वर्षा म्हणे, बाबा, मले शिकवा जीप चालवाले. काकू लगेच म्हणे, शिकवा तिले. मले वाटलं, चला, एक गोष्ट तं आम्ही दोघांनी संगं ठरवली. येत्या रविवारी पांधणीतच बसवतो तिले, सिमेंटच्या रस्त्यावर काही कळत नसते.

लिहून झालं का तुमचं? मंग उठा आता, पारशिवनीकडे ढग भरून आले आहे. तुमची दोन चाकाची गाडी, रपट्यावर पाणी यायच्या आत पलीकडे लागा. काकूले भेटून जा, जागीच आहे ती. सुखी राहा गा, मायबापाले जपा, आन् पोचले का फोन करा.