चाई समजून खरवडलेली जागा

आमचं मूळ हडपसरचं. आता तिथे काचेच्या उंच इमारती आहेत, पण माझ्या वडिलांच्या लहानपणी ते गाव होतं, तिथेच ते वस्तरा धरायला शिकले, मग खडकीत आले आणि तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्सना लागून त्यांनी दुकान टाकलं, एक खुर्ची आणि समोरासमोर दोन आरसे, तेच दुकान आज मी चालवतो. खुर्ची बदलली, आरसे तेच आहेत. माझं नाव दत्तात्रय, पण ते फक्त आधार कार्डावर, बाकी सगळ्या खडकीला मी दत्तू. आणि काय सांगू तुम्हाला, तुमच्या पेपरात हवं तर छापा, माणूस समोरून आला तर मला एखाद्या वेळी नाव आठवत नाही, पाठमोरा असला की लगेच आठवतं.

वडिलांचं नाव होतं ते चाईसाठी. चाई म्हणजे डोक्यावर किंवा दाढीत गोल चट्टा पडतो, केस एकदम जातात. वडील वस्तऱ्याच्या धारेने ती जागा हलकेच खरवडायचे, लाल झाली की लसूण चोळायचे, आणि दोन-तीन महिन्यांत तिथे मऊ पांढरी लव यायची, मग केस. थेट धायरीहून माणसं यायची हो. ही विद्या त्यांनी मला दिली आणि मी ती मिरवली.

माझी बायको शालन अंगणवाडीत शिकवते. जन्म शनिवार पेठेतला, तेव्हा बोलणं कसं असेल ते समजून घ्या. तीन वर्षांपूर्वी एकदा म्हणाली, अहो, जगाच्या डोक्यांतून सवड मिळाली तर माझ्याही डोक्यात बघा, खाज सुटते आणि जळजळतं. बघितलं तर टाळूवर दोन बोटं रुंद जागा उघडी. मला काळजी वाटायला हवी होती ना? मला आनंद झाला! म्हटलं ही तर चाई, घरचीच विद्या, सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोला माझी कला पहिल्यांदा दिसणार.

स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि दोन महिने, दर सोमवारी, कारण सोमवारी आमचं दुकान बंद, मी खरवडलं आणि लसूण चोळला. ती म्हणायची, आता फक्त फोडणी घालायची राहिली. मी म्हणायचो, दम धर. पण लव काही येईना, दोन बोटांची जागा तीन बोटं झाली, कडेला केसांच्या मुळाशी लाली आणि बारीक खपल्या. ती डोक्याला रुमाल बांधून अंगणवाडीत जायला लागली, पोरं विचारायची, बाई, तुम्हाला ताप आलाय का. एका रविवारी म्हणाली, उद्या मी सरकारी दवाखान्यात चालले, असंच सरकत राहिलं तर सगळं डोकं जाईल. तुम्हाला यायचं तर या, वस्तरा घरी ठेवून या.

त्वचेची डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची पोरगी. तिने टॉर्चसारखं एक यंत्र शालनच्या डोक्याला लावलं आणि पडद्यावर सगळं मोठं दिसायला लागलं. आधी केस असलेला भाग दाखवला, प्रत्येक केस आपल्या बारीक छिद्रातून वर आलेला. मग तो चट्टा दाखवला. गुळगुळीत, चकचकीत, घासून ठेवलेल्या ताटलीसारखा. म्हणाली, काका, इथे छिद्रं शोधा. मी, आयुष्यभर डोकी बघणारा माणूस, चष्मा नाकावर चढवून शोधत राहिलो, एक सापडेना. मग तिने सांगितलं, चाईत केस गळतो पण छिद्र राहतं, मूळ आत झोपलेलं असतं, बहुतेक वेळा ते आपलं आपण जागं होतं. हे तसं नाही. यात मूळच मरतं आणि तिथे व्रण भरतो, मग त्या जागी केस परत येत नाही.

मी कसंबसं विचारलं, माझ्या वस्तऱ्याने झालं का हे? ती म्हणाली, आजार तुम्ही आणला नाही काका, पण डिवचलंत, आणि दोन महिने घालवलेत. त्या दोन महिन्यांत कड पुढे सरकली. खोटं बोलून माझं समाधान केलं नाही तिने, हे मला फार आवडलं. तेव्हा नाही, नंतर.

मी विचारलं, मग असे चट्टे ओळखायचे कसे, आम्ही तर आकारावरून ओळखतो. ती म्हणाली, आकार बाहेरचा, आम्ही आत बघतो, मुळाभोवती कोणत्या पेशी जमल्यात ते. काहींत एका जातीच्या पांढऱ्या पेशी गुपचूप वेढा घालतात, काहींत पू करणाऱ्या येतात, काहींत दोन्ही. आणि काहींचा मुळावर राग नसतोच, भाजल्याने किंवा वर्षानुवर्षं घट्ट ओढून बांधल्याने मूळ मरतं. प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून आधी तपासणी. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा होता, मी चट्ट्याच्या मधोमध बोट ठेवलं तर म्हणाली, तिथलं भांडण संपलंय काका, कडेचा घेते, तिथे अजून चालू आहे.

निकालात पहिली जात निघाली, नाव लायकेन प्लॅनोपायलॅरिस. शालनने ते दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, तुमच्या आडनावापेक्षा भारदस्त आहे. चट्ट्याच्या कडेला इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या, त्या गोळ्यांसाठी डोळेही तपासून घ्यावे लागतात. गेलेले येणार नाहीत, राहिलेले वाचवायचे, एवढंच डॉक्टरने कबूल केलं.

परतताना बसमध्ये शालन म्हणाली, म्हणजे सासऱ्यांनी उगवलेले केस आपले आपणच उगवले होते म्हणायचे. मी बसच्या तिकिटाची घडी घालत राहिलो. पण पुलापर्यंत आलो तेव्हा मनाशी पक्कं झालं, बाबा खोटारडे नव्हते, त्यांना खरं वाटलं ते त्यांनी केलं. मला आता कळलंय, कळूनही मी तेच केलं तर खोटारडा मी. हे वाक्य पेपरात मोठ्या अक्षरांत घ्या. आणि हेही घ्या की बाईच्या डोक्यावरचे केस गेले तर लाज तिने का बाळगायची, ती काय चोरी आहे? शालनने रुमाल सोडला. पोरांनी विचारलं तर सांगते, इथली झाडं वाळली, बाकी बाग ठीक आहे.

दुकानात आता मी भिंग ठेवलंय. खरवडणं बंद, लसूण घरी भाजीत. छिद्रं दिसत नसली, खाज असली, पू असला, तर सरळ दवाखाना. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, मानेवर पुळ्या, एकेका छिद्रातून चार-पाच केस, टूथब्रशसारखे. म्हणाले, दत्तू, मागून वस्तरा मार. मी म्हटलं, दाढी करतो, मानेला हात लावणार नाही, आधी डॉक्टरला दाखवा. म्हणाले, न्हावी असून केस कापायला नकार देतोस? म्हटलं, हो, तुमच्यापुरता. महिनाभर रुसले, मग उपचार घेऊन आले. आता बसायच्या आधी मान दाखवतात.

आणि सोमवारी, दुकान बंद असताना, शटर अर्धं खाली ओढून शालन त्या खुर्चीत बसते. सव्वीस वर्षं तिने दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता, बायका पुरुषांच्या सलूनमध्ये येत नाहीत ना, पण उजेड तिथे चांगला आणि आरसे दोन. मी भिंगाने कड बघतो, मग भांग डावीकडे पाडतो, बाजूचे केस वरून आणतो, अंबाडा घालून देतो. वर्ष झालं, खाज नाही, लाली नाही, कड जिथे होती तिथेच उभी आहे. परवाही तिने आरशातून विचारलं, सरकली का हो? म्हटलं, नाही. म्हणाली, मग उगाच कुरवाळत बसू नका, गॅसवर वरण आहे.

पण उठली नाही लगेच. पाच मिनिटं बसली.

तुमचे केस छान दाट आहेत, असेच राहोत. या एकदा कापायला. सोमवार सोडून.