बारीक शिट्टी

(गाद्यांच्या दुकानामागची खोली. भिंतींना उभ्या लावलेल्या गाद्या, मधे टेबल, त्यावर तीन माइक. दुपारची वेळ, दुकान बंद.)

बटण : म्हणून म्हणतो, माझ्यापुरतं आता बास. पॉडकास्ट तुम्ही दोघं चालवा. हेडफोन इथे ठेवलेत, वायरी गुंडाळून ठेवल्यात. खोली हवी तितके दिवस वापरा, दादाची ना नाही.

मॅडम : कारण काय लिहू?

बटण : लिहायचं कशाला?

मॅडम : सवय आहे हो. सोळा वर्षं कुरियर कंपनीत तक्रार विभाग सांभाळला. कारण कळल्याशिवाय मी काही बंद करत नाही.

बटण : मग या भोपूला विचारा. त्याला माहीत आहे. मागचा अख्खा भाग त्यानं डासाची मुलाखत घेतली.

भोपू : डास बरा बोलला.

बटण : डास नव्हताच तिथे. त्याच्या आधीच्या भागात शिट्टी होती. बारीक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चाळीस मिनिटं. मी ती तशीच पाठवून दिली. लोकांची पत्रं आली, आणि यानं पुढच्या भागात जाहीर केलं की ती शिट्टी म्हणजे आमचा पाहुणा, एक लाजाळू डास. लोक पोट धरून हसले. अठरा वर्षं आवाजाचं काम करतोय मी. माझ्या चुकीवर हसले लोक.

मॅडम : हं. हे असं मधूनच ऐकून चालणार नाही. तुम्हा दोघांना एकत्र मी बघते ती चारच वर्षं. तक्रार पहिल्या दिवसापासून ऐकायची, हा माझा नियम. कोण सांगतंय?

भोपू : पहिला दिवस म्हणजे कॉलेज. कॉलेजचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. केंद्र कसलं, जिन्याखालची खोली. आवाज जायचा कॅन्टीन आणि वसतिगृहापर्यंत. तिथे मला हरवलेल्या वस्तूंची यादी वाचायला ठेवलं होतं, सकाळी आठला. छत्री, काळी. चप्पल, डाव्या पायाची. तिसऱ्या दिवशी मला त्या चपलेची दया आली. मी तिच्यासाठी स्थळ मागितलं. उजवा, समवयस्क, टाच झिजलेला असला तरी चालेल, घरची माणसं चिखल तुडवणारी नसावीत.

बटण : दुपारपर्यंत सतरा जण चप्पल घेऊन दारात.

मॅडम : तुम्ही कुठे होतात?

बटण : काचेमागे, मशीनवर. सगळी बटणं माझ्याकडे, म्हणून बटण. हसलो असतो तर ते माइकमध्ये आलं असतं. तोंडात रुमाल कोंबून बसलो.

भोपू : तो रुमाल मला दिसला. म्हटलं, अरेच्चा, आपल्याला हे येतं. मग तीन वर्षं रोज सकाळी मी त्या रुमालासाठी बोललो, मॅडम. कॅन्टीनमध्ये कोण ऐकतंय, कोण नाही, पत्ताच नव्हता. एकदा पाण्याच्या टाकीची मुलाखत घेतली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, टाकी बोलली याला माझी हरकत नाही, पण ती इतकं खरं का बोलली?

मॅडम : पुढे?

भोपू : पुढे कॉलेज संपलं. हा सभागृहांत आवाजाच्या कामाला लागला, मी स्टेजवर गेलो. अकरा वर्षं. चाललं होतं बरं. पण स्टेजवरचे दिवे थेट डोळ्यांत येतात. समोर काळोख. कोण हसतंय, कोणाचा चेहरा पडलाय, काही दिसत नाही. नुसता हसण्याचा आवाज, पत्र्यावर खडी ओतावी तसा. मी आधीच तऱ्हेवाईक, तो आणखी झालो. लोकांकडे पाठ करून उभा राहायला लागलो. एकदा पंचवीस मिनिटं मंचावरच्या शिडीशीच बोललो. काही जणांना ते फार आवडलं, बहुतेकांना अजिबात नाही.

मॅडम : आणि बोलावणी कमी झाली.

भोपू : हळूहळू. शेवटचा कार्यक्रम एका कंपनीच्या वार्षिक समारंभातला. चारशे माणसं जेवत होती. एकही जण हसेना. आता तसं काही पहिल्यांदा होत नव्हतं. पण त्या दिवशी मला पुढचं वाक्य आठवेना. वाक्य एक वेळ आठवलं असतं, ते कुणाला सांगायचं तेच कळेना. माइक खाली ठेवला, मागच्या दारानं उतरलो आणि बस पकडून घरी गेलो. आईनं विचारलं, लवकर आलास? म्हटलं, संपलं.

बटण : हे मला तीन वर्षांनी कळलं.

भोपू : काय कळवणार? तोवर आपलं बोलणं म्हणजे वाढदिवसाला एक मेसेज.

मॅडम : इथून पुढचं मी सांगते. हे आमच्याकडे नोकरीला आले. मुलाखतीत मोजून पाच वाक्यं बोलले. मी म्हटलं, असाच शांत माणूस हवा. तीन वर्षं एकाच सुरात 'आपली तक्रार नोंदवली आहे'. कुणी आईबहीण काढली तरी तोच सूर. डबा खाताना कोणी विनोद सांगितला तर हे उठून पाणी भरायला जायचे. हा माणूस कधी काळी लोकांना हसवायचा हे आम्हाला माहीतच नाही. मग एक दिवस तो फोन आला. मी तेव्हा कॉल तपासत होते, दोन्हीकडचं ऐकत होते. गिऱ्हाईक म्हणालं, माझा माइक दुरुस्तीहून यायचा होता, आला नाही. यांनी विचारलं, वस्तूचं वर्णन? ते म्हणालं, काळा, वीतभर, जाळी एका बाजूनं चेपलेली. त्यावर हे गप्प.

बटण : गप्प नाही. श्वास घेतला. याला काही सुचलं की बोलायच्या आधी हा नाकानं छोटासा श्वास घेतो. बाहेर कुणाला कळत नाही. मी तीन वर्षं हेडफोनमध्ये ऐकलेला. तो श्वास आला आणि मी आपला नकळत थांबून राहिलो. पण त्याच्यामागून विनोद काही आला नाही. आलं ते 'आपली तक्रार नोंदवली आहे'. मी विचारलं, भोपू?

मॅडम : आणि मग एक मिनिट दहा सेकंद शांतता. आमच्याकडे दहा सेकंदांना मेमो होता. मी लिहायला घेतला. मान वर केली तर हे टेबलावर डोकं टेकून बसलेले. मेमो फाडला. नोकरीतला तेवढा एकच.

भोपू : दुसऱ्या दिवशी हा ऑफिसच्या दारात. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाला, दादाच्या दुकानामागे खोली आहे, गाद्यांमुळे आवाज घुमत नाही, रविवारी ये. मॅडमना मीच ओढलं. सोळा वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकलेली बाई, माणसाला बोलतं कसं करायचं ते आणखी कुणाला कळणार? पहिल्या महिन्यात नऊ श्रोते होते. त्यातल्या दोन याच्या वहिनीच, घरच्या फोनवरून एकदा आणि दुकानातल्या फोनवरून एकदा.

मॅडम : आता रोज पत्रं येतात. चार वर्षांत कधी खरखरसुद्धा ऐकली नाही कुणी. म्हणून विचारते बटण, चाळीस मिनिटांची शिट्टी तुमच्या कानांतून सुटली कशी?

बटण : लक्ष नव्हतं.

मॅडम : हे मी फाइलला लावू शकत नाही.

बटण : ऐकू येत नाही मला. झालं? बारीक आवाज गेलेत. आठ-नऊ महिने होतील. आधी वाटलं हेडफोन खराब झाले, नवे आणले. मग एक दिवस कुकरची शिट्टी झाली ती मला वाफ दिसली म्हणून कळली. पत्रं आल्यावर वहिनींना तो भाग ऐकवला. त्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाल्या, भावोजी, सुई टोचतेय नुसती, तुम्हाला खरंच येत नाही? मी म्हटलं, गंमत केली तुमची. सभागृहवाल्यांना कळलं तर उद्यापासून कोण उभं करणार मला? आणि याला सांगितलं असतं तर यानं त्याचा विनोद केला असता. न सांगताही केलाच.

भोपू : मला माहीत होतं.

बटण : काय माहीत होतं?

भोपू : कान. फेब्रुवारीपासून. आधी मी बोलताना तू मशीनकडे बघायचास. मग माझ्या ओठांकडे बघायला लागलास. म्हणून मी खुर्ची फिरवून घेतली, तुला तोंड दिसावं म्हणून.

मॅडम : मला वाटलं, माझ्यावर काही राग आहे.

भोपू : पत्रांत एकानं लिहिलं होतं, तुमचा आवाजवाला बहिरा आहे का. म्हटलं, आता दुसरे तेच लिहिणार आणि हा वाचणार. मग डास सुचला. संकट आलं की मला तेवढंच सुचतं. लोक डासाला हसले रे, तुला कुणी हसलं नाही.

बटण : मला विचारता आलं असतं.

भोपू : आलं असतं. पण तुला विचारायचं म्हणजे तू हो म्हणणार, आणि मग ते खरं होणार. त्यापेक्षा डास सोपा होता. चुकलं माझं.

बटण : सहा महिने मी इथे बसून आव आणतोय, आणि तुम्ही आपले माझ्यासमोर खुर्च्या फिरवताय.

भोपू : हो.

बटण : लाज वाटते, दुसरं काय. आवाजाचं सोडून मला काही येत नाही.

भोपू : स्टेजवरून उतरून आलो तेव्हा मीही तुला याचसाठी फोन केला नव्हता.

मॅडम : झालं बोलून? आता माझं ऐका. भाग बाहेर पाठवण्याआधी मी ऐकेन. कुठे शिट्टी, कुठे खरखर, मिनिट-सेकंदासकट कागदावर लिहून देईन. कुठे कापायचं, कुठे थांबू द्यायचं, ते मला जन्मात जमणार नाही, ते तुम्हीच करायचं. सभागृहवाल्यांना कधी सांगायचं, काय सांगायचं, ते तपासणीनंतर बघू. डॉक्टरांना दाखवलंत?

बटण : दोनदा वेळ घेतली, दोनदा रद्द केली. आता मंगळवारची आहे.

भोपू : किती वाजता?

बटण : साडेअकरा.

भोपू : मी दहाला येतो तुझ्याकडे.

बटण : तू काय करणार येऊन? आत एकट्यालाच बसवतात.

भोपू : बाहेर बाक असेल ना. त्याच्यावर बसेन.