उलटलेलं वारं

काय सांगू तुमास्नी, माझा जलमच पाटणच्या वरल्या डोंगरातला, आन दिली ती बी तितंच, घळीच्या ह्या अंगाला. माझी धाकली भन हौसा, ती पल्याडच्या अंगाला दिलेली. मधी घळ आशी खोल की उतरून चढायला अर्धा दिस जायचा, पर अंगणात हुभी ऱ्हायली की हौसा दिसायची मला लुगडं वाळत घालताना, आन वारं पडलेलं आसलं तर हाळी बी पोचायची.

थंडीतलं तितलं वारं लय इपरीत बगा. सकाळच्या पारी डोंगरावरनं खाली घळीत उतरायचं, आन ऊन तापलं की उलटायचं, खालनं वर चढायचं. म्हणून माघात भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची ती सकाळीच, म्हंजी जाळ खाली वड्याकडं जातुया, घराकडं येत न्हाई.

लढाईचं दिस व्हतं, हौसाचा मालक पलटणीत, घरात म्हातारा सासरा आन सा म्हयन्यांची पोर. त्या दिशी वर माथ्यावर धुकं लय, दिस वर आला तरी ऊनच पडंना. म्हाताऱ्यानं वारं बघितलं, खालीच व्हतं, उतारावर जाळ लावला. मी हिकडनं बघतीया. मागनं एकदम धुकं फाटलं, ऊन पडलं, आन खाली पळणारा धूर हुभा ऱ्हायला. मला कळलं, आता उलटणार. आन हौसा पोरीला शेजारणीकडं ठिवून म्हाताऱ्याची भाकरी घिऊन वाळल्या गवतातनं खाली निघालेली. मधी टेकाड, तिला जाळ दिसंना. मी वरडली, हौसे माघारी फिर, आगं माघारी फिर, पर वाऱ्यानं हाळी वरच्या वर न्हेली. पदर हालवला, दोन्ही हात हालवलं. तिनं बघितलं. बघितलं आन तिनं बी हात हालवला, हसली बी आसंल, हितनं काय दिसतंय. मंग जाळ टेकाडावरनं आला.

मी घळ उतरून चढून पोचली तवा दिस कलला व्हता. तिला घोंगड्यानं झाकली व्हती. म्हाताऱ्याचं हात भाजलेलं, उंबऱ्यात बसलेला, म्हणला, पोरी, मी वारं बघूनच पेटवलं गं. म्या म्हणलं, व्हय मामा, म्या बी बघितलं व्हतं, खालीच व्हतं. दुसरं काय म्हणणार, तुमीच सांगा.

तिचा मालक रजेवर आला, म्हणला, आक्का, ती काय बोलली का वं? म्हणलं, न्हाई पाव्हणं, मला काय ऐकू आलं न्हाई.

पोर म्याच वाढवली. कोरेगावच्या अंगाला दिलीया, सपाट रान हाय. मलाच आई म्हणती, मी म्हणू देती. तिच्या लेकरांनी तिला म्हातारी झालेली बघावी, येवढंच मागतीया, दुसरं माझ्या हातात काय हाय.